जिन्नस आणि पेठ

आमच्या भागातील शेतकऱ्याला आपला माल कोणत्या पेठेत न्यावा हे कुणी शिकवावे लागत नाही. गूळ कोल्हापूरला, हळद सांगलीला, तंबाखू निपाणीला आणि मिरची ब्याडगीला, हा पाठ त्याला शाळेत न जाताही तोंडपाठ असतो. सांगलीच्या पेठेची हळद निपाणीत उतरवली तर तिला भाव येणार नाही. हळद तीच असते, पण तिथे तिची पारख असणारा घेणारा नसतो. अडत किती, तोलाई-हमाली किती, आणि शेवटी हातात पट्टी पडते तेव्हा तीत आपल्यासाठी काय उरते, हा हिशेबही त्याच्या बोटांवर असतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची पद्धत कायद्याने मोडली, पण तिच्या काळात पोळलेल्या पिढ्यांनी एक गोष्ट पुढच्यांना सांगून ठेवली : सौदा उघड्यावर व्हावा आणि पट्टी वाचता यावी.

हे शहाणपण घरातील एका जिनसाच्या बाबतीत मात्र आपल्याला सुचत नाही. तो जिन्नस म्हणजे खेळाच्या जुन्या वस्तू. माळ्यावरची बॅट, सह्यांचा पिवळा पडलेला कागद, एखादे पदक, जत्रेच्या मैदानात मिळालेली गदा. मी इतिहासाचा शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झालो, म्हणून माझे माजी विद्यार्थी अशा वस्तू घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘‘सर, हे कुठे विकायचं?’’ वर्तमानपत्रात कोट्यवधींचे आकडे छापून येतात, त्यामुळे प्रत्येकाच्या मनात लंडन असते. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर लिलावाच्या पेठांचा इतिहास थोडा मुळापासून पाहावा लागतो.

लंडनची मोठी लिलावघरे अठराव्या शतकातील. सॅम्युअल बेकर या पुस्तकविक्रेत्याने १७४४ साली लिलाव केला, त्यातून सदबीज उभी राहिली. जेम्स ख्रिस्ती याने १७६६ मध्ये आपले दालन उघडले. बॉनहॅम्स १७९३ चे आणि फिलिप्स १७९६ चे. या घरांत सरदारांचे ग्रंथसंग्रह, चित्रे, चांदीची भांडी, कर्जबाजारी वाड्यांतील सामान विकले जाई. खेळाच्या वस्तूला तिथे स्वतंत्र मान नव्हता. क्रिकेटमध्ये संग्राहकांची नजर प्रथम गेली ती पुस्तकांवर. जॉन विस्डेन याचे क्रिकेट-वार्षिक १८६४ साली निघाले, अवघ्या ११२ पानांचे. पुढे त्याचे सारे अंक जमविण्याचा छंद इंग्लंडात रुजला. महायुद्धाच्या धामधुमीत निघालेला १९१६ चा अंक दुर्मीळ ठरला. कारण तो कमी छापला गेला आणि त्यात डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस व व्हिक्टर ट्रंपर या दोघांचेही मृत्युलेख आहेत. एखादी वस्तू मोलाची का होते, याचे उत्तर या एका अंकात मिळते. कागद तोच, शाईही तीच. पण त्यातील हकीकत माहीत असणारा माणूस समोर हवा.

१९७५ या वर्षी लंडनच्या पेठेत दोन गोष्टी घडल्या. ख्रिस्तीज आणि सदबीज या दोघांनी घेणाऱ्याकडूनही अधिभार घेण्यास आरंभ केला, ज्याला ‘बायर्स प्रीमियम’ म्हणतात. म्हणजे अडत आता दोन्ही बाजूंनी. आणि त्याच वर्षी ख्रिस्तीजने साउथ केन्सिंग्टन येथे एक दुय्यम दालन सुरू केले. ज्या वस्तू मुख्य दालनात शोभणार नाहीत, पण ज्यांना गिऱ्हाईक आहे, अशा मध्यम आणि साध्या किमतीच्या मालासाठी ते होते. खेळणी, कॅमेरे, सिनेमाची पोस्टरे आणि पुढे खेळाच्या वस्तू यांना त्यामुळे बसायला ओटा मिळाला. १९८० च्या दशकापासून क्रिकेट, गोल्फ आणि फुटबॉल यांचे खास लिलाव होऊ लागले.

मग आकडे फुगले. १९६६ च्या विश्वचषकाच्या वेळी करवून घेतलेली ज्यूल रिमे चषकाची प्रतिकृती १९९७ साली सदबीजमध्ये २,५४,५०० पौंडांना गेली. घेणारी संस्था खुद्द फिफा. जेफ हर्स्ट याचा १९६६ च्या अंतिम सामन्यातील सदरा २००० साली ९१,७५० पौंडांना, तर पेले याचा १९७० च्या अंतिम सामन्यातील सदरा २००२ साली १,५७,७५० पौंडांना ख्रिस्तीजमध्ये विकला गेला. शिखरे दुरून दिसतात, त्यांच्या पायथ्याची गावे दिसत नाहीत. एका पेलेच्या सदऱ्यामागे शेकडो साधे सदरे, तिकिटे, छायाचित्रे यांचे लिलाव होत होते. ते कुणाच्या बातमीत आले नाहीत.

याच काळात मोठ्या घरांची एक वेगळी गोष्टही उजेडात आली. १९९५ साली ख्रिस्तीज आणि सदबीज यांनी विकणाऱ्याकडून घ्यावयाच्या कमिशनचे ठरावीक, घासाघीस न करता येणारे दर काही आठवड्यांच्या अंतराने जाहीर केले. हा योगायोग नव्हता. दोघांत गुप्त संगनमत होते, हे २००० साली बाहेर पडले. त्या प्रकरणी दोन्ही घरांनी मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर इतक्या रकमेची तडजोड मान्य केली, आणि सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन यांना अमेरिकेत तुरुंगवास भोगावा लागला. दोन अडत्ये पडद्यामागे एक झाले की शेतकऱ्याचे काय होते, हे आपल्या पेठांनी लंडनला आधीच सांगितले असते.

त्यानंतर मोठ्या घरांनी किरकोळ मालाकडे हळूहळू पाठ फिरवली. सदबीजने अशाच मालासाठी २००१ साली उघडलेले ऑलिंपिया येथील दालन २००७ साली बंद केले. ख्रिस्तीजचे साउथ केन्सिंग्टन जुलै २०१७ मध्ये बंद झाले. दोनशे पौंडांच्या बॅटचे वर्णन लिहिण्यास आणि तिचे छायाचित्र काढण्यास जितके श्रम लागतात, जवळजवळ तितकेच दोन लाखांच्या सदऱ्यास लागतात. मग त्यांनी काय ठेवायचे ते उघड आहे. सोडलेली ही जागा घेतली ती खेळापुरतेच काम करणाऱ्या लहान घरांनी. सदबीजमध्ये खेळाचे काम पाहिलेल्या ग्रॅहम बड यांनी २००४ साली स्वतःचे लिलावघर काढले. नॉटिंगहॅमशायर आणि नॉरफोक अशा परगण्यांतही केवळ खेळाच्या वस्तू विकणारी घरे वाढली. त्यांची नावे आपल्या कानी नसतात. पण त्यांच्या लिलावाची यादी ज्यांच्या घरी जाते, तेच खरे घेणारे असतात. सांगलीच्या हळदीची ही पेठ.

मोठे नाव म्हणजे सचोटी, असे समजण्याचेही कारण नाही. अमेरिकेत बिल मास्ट्रो यांचे घर खेळाच्या वस्तूंच्या लिलावात अग्रेसर मानले जाई. ते २००९ साली बंद पडले. आपल्याच माणसांकरवी खोट्या बोल्या लावून भाव चढविल्याचा गुन्हा मास्ट्रो यांनी २०१३ साली कबूल केला आणि २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे जगातील सर्वांत नावाजलेले कार्ड कडा कापून नीटनेटके केले होते, हेही त्यांनी मान्य केले. त्याआधी १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढून खोट्या सह्यांचा मोठा व्यापार उघडकीस आणला होता. विकणारा प्रामाणिक असला, तरी या इतिहासामुळे त्याच्या वस्तूकडे आज संशयाने पाहिले जाते, हे त्याने ध्यानात ठेवावे.

क्रिकेटमधील एक उदाहरण तर वर्गात शिकविण्याजोगे आहे. ३१ ऑगस्ट १९६८ रोजी स्वान्सी येथे गारफील्ड सोबर्स यांनी माल्कम नॅश याच्या एका षटकात सहा षटकार मारले. त्या षटकातील म्हणून एक चेंडू २००६ साली ख्रिस्तीजमध्ये २६,४०० पौंडांना विकला गेला. सोबतीला सोबर्स यांच्या सहीचा कागद होता. पुढे ग्रॅहम लॉइड या पत्रकाराने खणून पाहिले. विकलेला चेंडू ड्यूक या कंपनीचा. आपण टाकला तो सरिज कंपनीचा, असे खुद्द गोलंदाज नॅश सांगत होता. सोबर्स यांनी सही केली ती अर्थातच सद्‌भावनेने. पण वस्तू मैदानातून निघून हातोहात कशी आली, याची साखळी कुणी लिहून ठेवली नव्हती. मोठ्या घराच्या शिक्क्याने ती साखळी जुळली नाही.

आता आपल्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी शाळेचा एक माजी विद्यार्थी जुने घर रिकामे करताना सापडलेल्या तीन वस्तू घेऊन आला. एक, १९४६ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाच्या सह्यांचा कागद. त्याचे आजोबा तेव्हा मुंबईत नोकरीस होते. दोन, गावच्या स्पर्धेत मिळालेली, मूठ सैल झालेली बॅट. तीन, चुलत आजोबांनी जत्रेच्या फडात जिंकलेली गदा. ‘‘सर, तिन्ही एकदम लंडनला पाठवू?’’ असा त्याचा प्रश्न. मी म्हटले, ‘‘अरे, गूळ, हळद आणि मिरची एकाच गाडीत भरून एकाच पेठेत नेतोस का?’’

सह्यांच्या कागदाला परदेशात पेठ आहे, यात शंका नाही. त्या संघात कर्णधार नबाब पतौडी, विजय मर्चंट, विजय हजारे, विनू मंकड, दत्ताराम हिंदळेकर, सदू शिंदे, रंगा सोहोनी होते. सरेविरुद्ध ओव्हलवर शेवटच्या जोडीने २४९ धावा करणारे चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी होते. अब्दुल हफीझ या नावाने सही करणारा तरुण पुढे कारदार म्हणून पाकिस्तानचा पहिला कसोटी कर्णधार झाला. म्हणजे हा कागद लंडन, लाहोर आणि इंदूर या तिन्ही ठिकाणच्या संग्राहकांचा. पण तो पाकिटात घालून टपालाने धाडण्यापूर्वी एक पायरी आहे. १९७२ चा पुराणवस्तू आणि कलासंपदा कायदा १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षे झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षे झालेला ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज, खासगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. १९४६ च्या कागदाने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. धारवाडात जन्मलेले पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या दौऱ्याची एखादी वस्तू कुणाच्या घरी असेल तर तिनेही शंभरी केव्हाच ओलांडली. तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांचे मत आधी घ्यावे. वस्तू पुराणवस्तू ठरली तर तिचा सौदा देशातच व्हायला हवा. मुंबईत नाणी, टपाल तिकिटे आणि जुने कागद यांचे लिलाव करणारी घरे आहेत. चित्रांसाठी नावाजलेल्या घरापेक्षा कागदाची जाण असलेले घर अशा कागदाला जवळचे.

बॅटचा हिशेब पट्टीनेच सुटला. समजा, ती विलायतेस पाठविली आणि २०० पौंडांवर हातोडा पडला. विकणाऱ्याचे कमिशन शेकडा १५ धरले तर ३० गेले. त्या कमिशनवर तिथला शेकडा २० कर, म्हणजे ६. छायाचित्राचे ५ धरा. इथून पाठवणी आणि विमा मिळून ४० धरा. उरले ११९. तिकडे घेणाऱ्याने शेकडा २० अधिभार आणि त्या अधिभारावरील कर धरून २४८ मोजले. मधले १२९ पौंड वाटेत विरघळले. आणि हे सारे बोली लागली तर. ज्या बॅटवर सही नाही, जिचा धनी गावाबाहेर कुणाला माहीत नाही, तिला तिथे बोली लागण्याचाच संभव कमी. न विकलेली वस्तू परत आणण्याचा खर्च आपल्याच माथी. त्याने हिशेब पाहिला आणि बॅट बाजूला ठेवली.

राहिली गदा. तिला लंडनमध्ये कोण ओळखणार? तिचे पारखी कोल्हापूरच्या तालमीत, खासबागच्या मैदानाच्या पायऱ्यांवर आणि आमच्या चिकोडी-निपाणीकडील खेड्यांत. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे याच चिकोडी भागातील एकसंब्याचे. तो मान त्यांनी १९५९ साली मिळवला. गाव कर्नाटकात, तालीम महाराष्ट्रात, आणि कुस्ती साऱ्या देशाशी. सीमाभागातील खेळाडूच्या वस्तूंची ही अडचण आहे. एका राज्याच्या क्रीडा-इतिहासात त्या बाहेरच्या ठरतात आणि दुसऱ्याच्या इतिहासात कडेला पडतात. दोन्हीकडील कपाटांत त्यांच्यासाठी फळी नसते. मग त्या भंगारवाल्याच्या तराजूत जातात, आणि तिथे गदेचा भाव पत्र्याच्या वजनावर ठरतो.

अशा वेळी ‘देऊन टाका सरकारला’ असे म्हणणे सोपे आहे. तोही मार्ग डोळे मिटून घेण्याचा नाही. हॉकीचे थोर खेळाडू बलबीरसिंग यांनी १९८५ साली नियोजित संग्रहालयासाठी आपली छत्तीस पदके, छायाचित्रे आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील कर्णधाराचा कोट भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे दिला. संग्रहालय झाले नाही, आणि पुढे वस्तूही सापडेनात. शोध करीत करीतच २०२० साली ते गेले. आणि आपले खाशाबा जाधव! १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्यातून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी त्या कांस्यपदकाचा लिलाव करण्याचा विचार जाहीर केला, कारण गोळेश्वर या त्यांच्या गावी आश्वासन दिलेली कुस्ती अकादमी उभी राहिली नव्हती. पदक विकून तालीम बांधायची! पदक कुठे विकावे यापेक्षा ते विकण्याची पाळी का यावी, हा प्रश्न त्या बातमीने माझ्यासारख्यांच्या मनात कायमचा पेरला. मात्र कुटुंबाचा हक्क मी कमी लेखत नाही. आपली वस्तू विकणे हा गुन्हा नव्हे. मुलाच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी कुणी आजोबांचा कागद विकला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त त्याला योग्य भाव मिळावा आणि वस्तूचे नाव पुसले जाऊ नये, एवढेच.

म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी काही प्रश्न लिहून देतो. ज्या घराकडे वस्तू सोपवायची, त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत अशाच किती वस्तू विकल्या आणि कोणत्या भावाने? अंदाजापेक्षा प्रत्यक्ष विक्रीचे आकडे मागा. वाढीव अंदाज सांगून माल ओढणे ही जुनी युक्ती आहे. कमिशन, कर, छायाचित्र, विमा आणि परतीचा खर्च मिळून पट्टी किती बसेल, हे लेखी घ्या. राखीव किंमत ठेवता येते का, आणि विक्री न झाल्यास तिचे पैसे लागतात का? तुमची वस्तू एकटी विकली जाईल की दहा वस्तूंच्या ढिगात? लिलाव केव्हा आहे आणि पैसे किती दिवसांनी मिळतील? आणि सर्वांत शेवटी, यादीत तुमच्या वस्तूविषयी काय छापले जाणार आहे, ते आधी वाचायला मागा. ज्या घराला हा शेवटचा प्रश्न आवडत नाही, ते घर तुमच्या वस्तूचे नव्हे. इंटरनेटवर स्वतः विकण्याची सोय १९९५ साली निघालेल्या ईबेपासून आहेच; साध्या वस्तूला ती पुरेशीही असते. पण तिथे पारख, छायाचित्र, पाठवणी आणि फसवणुकीची जोखीम ही सारी आपल्याच अंगावर असते.

त्या विद्यार्थ्याने कागद तज्ज्ञांना दाखवायचे ठरविले, बॅट ठेवली, आणि गदा तालमीला दिली. देताना दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार केला : गदा कुणाची, कोणत्या फडात कुणाविरुद्ध जिंकली, किती काळासाठी ठेवली, आणि तालीम बंद पडल्यास ती कुणाकडे परत जाईल. पुण्यात २०१२ पासून क्रिकेटचे एक खासगी संग्रहालय आहे. कुस्तीच्या गदेला आमच्याकडे तसे छप्पर होईल तेव्हा होवो. तोवर एक कोरा कागद आणि पेन प्रत्येकाच्या घरी आहे. घरात जे कुणी वयस्कर उरले असतील, त्यांना विचारून वस्तूची हकीकत आजच लिहावी. तारीख, गाव, प्रतिस्पर्धी, वस्तू कुणाकडून कुणाकडे आली ते सारे. त्यावर सही करावी, एक प्रत वस्तूसोबत आणि एक वेगळी ठेवावी. विकायची असो वा ठेवायची, त्या कागदाशिवाय लंडनमध्येही ती केवळ एक जुनी बॅट असते आणि तालमीतही केवळ एक गदा.